माणसाच्या हाती स्वातंत्र्य सोपवावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : माणूस मुळात स्वार्थी, आळशी आणि मोहाला बळी पडणारा असेल, तर त्याच्या हाती स्वातंत्र्य सोपवणे धोक्याचे नाही काय? आणि ते धोक्याचे असेल, तर आधी त्याला लायक बनवावे आणि मगच मोकळे सोडावे, हा क्रम अधिक शहाणपणाचा ठरणार नाही काय? मी कारागृहे, सुधारगृहे आणि मनोरुग्णालये अशा बंदिस्त संस्थांमध्ये समुपदेशक म्हणून दीर्घकाळ काम केले आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात या प्रश्नावर तास-दोन तास चर्चा करून उठून जाता येते; अशा संस्थेत मात्र तो रोज सकाळी उभा राहतो, कारण कोणते दार आज उघडे ठेवायचे आणि कोणते बंद, हे कोणाला तरी ठरवावेच लागते.

माझे मत आधीच मांडतो. मोकळा सोडलेला माणूस बेताल होईल, ही भीती आपण गरजेपेक्षा फार जास्त बाळगतो. तोच माणूस आपले स्वातंत्र्य, आणि त्याबरोबर आपली सदसद्विवेकबुद्धीही, दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करून मोकळा होईल, ही भीती त्याहून कितीतरी खरी आहे आणि ती आपण फारशी बाळगत नाही. मानवी स्वभाव बेभरवशाचा आहे, हे मला मान्य आहे. पण तो नेमका कोणत्या ठिकाणी दगा देतो, याविषयीचा आपला अंदाज चुकतो.

या वादाची जुनी मांडणी सर्वांना परिचित असल्याने तिच्यावर फार वेळ घालवत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये असे प्रतिपादन केले की वरचा धाक नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, म्हणून सर्वांनी आपले अधिकार एका सर्वसत्ताधीशाच्या हाती द्यावेत. या युक्तिवादातील छिद्र जॉन लॉकने १६८९ मध्ये दाखवून दिले : कोल्ह्यांच्या उपद्रवापासून वाचण्यासाठी सिंहाच्या तोंडी जाणे माणसांना सुरक्षित वाटावे, इतकी ती मूर्ख आहेत काय? ज्याच्या हाती सर्व सत्ता द्यायची तोही त्याच मातीचा माणूस असतो. म्हणजे मानवी स्वभावावर जितका अविश्वास दाखवावा, तितकी सत्ता एका हातात देण्याची बाजू लंगडी पडत जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेचे समर्थन करताना जेम्स मॅडिसनने १७८८ मध्ये हेच सूत्र धरले : माणसे देवदूत असती तर शासनाची गरज नव्हती, आणि शासन देवदूत चालवत असते तर शासनावर बंधने घालण्याची गरज नव्हती. स्वातंत्र्याचा पुरस्कार करण्यासाठी माणसाविषयी भाबडेपणा बाळगावा लागत नाही, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

माणसाच्या दुष्टपणाचा पुरावा म्हणून माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळा ठेवला जातो तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रामचा प्रयोग. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगमालेत सामान्य नागरिकांना असे भासवण्यात आले की ते शेजारच्या खोलीतील व्यक्तीला, तिचे उत्तर चुकले की, वाढत्या तीव्रतेचा विजेचा झटका देत आहेत. प्रयोगाच्या सर्वांना माहीत असलेल्या स्वरूपात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खुणेपर्यंत गेले. एवढे ऐकून लोक थांबतात आणि ‘पाहा, हा माणूस!’ असे म्हणतात. मिलग्रामने त्याच प्रयोगाची जी अनेक रूपे करून पाहिली, त्यांकडे मात्र क्वचितच कोणी वळते, आणि सारा अर्थ तर तेथेच दडलेला आहे. एका रूपात झटक्याची तीव्रता किती असावी हे सहभागी व्यक्तीवरच सोपवले होते. त्या वेळी बहुतेक सर्वांनी अगदी खालच्या पातळीवरचे झटके निवडले. दुसऱ्या एका रूपात प्रयोगकर्ता खोलीबाहेर गेला आणि दूरध्वनीवरून हुकूम देऊ लागला. तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एकपंचमांशावर आले. इतकेच नव्हे, काही जणांनी सांगितल्यापेक्षा कमी तीव्रतेचा झटका दिला आणि दूरध्वनीवर मात्र आपण हुकमाप्रमाणे वागत असल्याचे कळवले. तिसऱ्या रूपात शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी पुढे जाण्यास नकार दिला. तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले.

या निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले. सहभागींपैकी काहींना सारा बनाव असल्याचा संशय आला होता, हा त्यांपैकी मुख्य. तो आक्षेप विचारात घेऊनही चित्राची दिशा बदलत नाही. ज्या माणसाला निवडीची मोकळीक होती तो सौम्य राहिला. ज्याच्या डोक्यावर अधिकारी उभा होता तो क्रूर झाला. अधिकाऱ्याची नजर हटताच तो चोरून दयाळू वागू लागला. स्वातंत्र्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी बोलावलेला हा साक्षीदार उलटतपासणीत स्वातंत्र्याच्या बाजूने बोलतो. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी अशा भूमिका देऊन केलेल्या, फिलिप झिम्बार्डोच्या १९७१ मधील स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगाचा दाखलाही असाच दिला जातो. दोन आठवडे चालवायचा तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला, हे खरे. परंतु पहारेकऱ्यांनी कठोर वागावे यासाठी त्यांना आयोजकांकडूनच उत्तेजन दिले गेले होते, हे त्या वेळच्या ध्वनिमुद्रणांतून नंतर उघड झाले. मानवी स्वभावाचा नमुना म्हणून मी तो प्रयोग आता वापरत नाही.

दुसऱ्या बाजूचा एक पुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा आहे. ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून निरनिराळ्या कार्यालयांच्या स्वागतकक्षात देण्यात आली आणि ती मालकापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न होतो की नाही, हे पाहिले गेले. परत करण्याची सक्ती कोणावरही नव्हती. रिकाम्या पाकिटांच्या बाबतीत सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाशी संपर्क साधला. पैसे असलेल्या पाकिटांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. प्रलोभन वाढले तसा प्रामाणिकपणा वाढला, आणि याच्या नेमके उलटे घडेल असे भाकीत सामान्य लोकांनी केले होते; अर्थशास्त्रज्ञांनाही हा निकाल आधी ओळखता आला नव्हता. यावरून माणूस साधू ठरत नाही, कारण निम्म्या लोकांनी काहीच केले नाही. आपण एकमेकांविषयी जो अंदाज बांधतो तो वस्तुस्थितीपेक्षा वाईट असतो, एवढे मात्र ठरते, आणि धोरणे त्या अंदाजावर आखली जात असल्याने ही गोष्ट क्षुल्लक नाही.

मग माणूस दगा कोठे देतो? स्वातंत्र्याचे ओझे वाहण्याच्या ठिकाणी. स्वतः ठरवणे म्हणजे चुकण्याची जबाबदारीही स्वतः घेणे, आणि ती जबाबदारी उचलून घेणारा कोणी भेटला की माणसाला हायसे वाटते. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने १९४१ मध्ये हीच प्रवृत्ती जर्मनीच्या संदर्भात उलगडून दाखवली. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले कायदे करण्याचे अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला बहाल केले. त्यामागे दहशत होती, साम्यवादी सदस्यांना सभागृहात येऊच दिलेले नव्हते, हे सारे खरे. तरीही हो म्हणणाऱ्यांत असे अनेक होते, ज्यांनी स्वतःची समजूत घालून हात वर केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे इशारे दिले, त्यांपैकी एक नेमका हाच होता : माणूस कितीही थोर असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका; धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. लोक माजतील याची चिंता करणारे पुष्कळ होते. लोक वाकतील याची चिंता त्यांनी केली.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो : आधी लायकी, मग स्वातंत्र्य. हा विचार वरवर इतका समंजस वाटतो की त्याचा इतिहास तपासणे भाग आहे. मेकॉलेने १८२५ मध्ये या विचाराची यथेच्छ खिल्ली उडवली होती. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, असे म्हणणाऱ्या मूर्खाशी त्याने या विचाराच्या पुरस्कर्त्यांची तुलना केली. त्याच मेकॉलेने १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेत सांगितले की हिंदुस्थानाला स्वतंत्र शासन मिळू शकत नाही, त्याच्या खालोखालची गोष्ट म्हणजे खंबीर आणि निःपक्षपाती एकतंत्री सत्ता मात्र मिळू शकते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याची जी अजोड मांडणी केली, तिच्यातही अपरिपक्व मानलेल्या समाजांना अपवाद ठरवले होते. आणि मिलची तोपर्यंतची सारी नोकरी ईस्ट इंडिया कंपनीत झाली होती. हे दोघेही लबाड होते असे मी म्हणत नाही. स्वातंत्र्यावर मनापासून प्रेम करणारी बुद्धिमान माणसेसुद्धा, ‘तयार’ कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार हाती आला की, आपल्या सोयीचा निकाल देतात, हे यातून दिसते. ज्यांना लायक ठरवायचे त्यांच्या स्वभावाइतकाच, लायकी ठरवणाऱ्याचा स्वभावही तपासावा लागतो.

या क्रमाची प्रत्यक्ष परीक्षाही एकदा झाली आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली, तेव्हा बहुतेक वसाहतींत मुक्त झालेल्यांना ‘शिकाऊ’ ठरवण्यात आले. स्वातंत्र्याची सवय व्हावी या नावाखाली त्यांनी आणखी काही वर्षे पूर्वीच्याच मालकासाठी आठवड्याचे ४० हून अधिक तास विनामोबदला राबावे, अशी ती व्यवस्था होती. अँटिग्वा बेटाने मात्र हा टप्पा वगळला आणि त्याच दिवशी सर्वांना पूर्ण मुक्त केले. तेथील मळेवाल्यांचा हेतू उदात्त होता असे नाही. जमीन सारी आपल्याच ताब्यात असल्याने मजूर जातील कोठे, असा त्यांचा हिशेब होता, आणि लवकरच त्यांनी मजुरांना जखडणारे करारांचे कायदेही केले. तरीही ज्या रक्तपाताचे आणि अंदाधुंदीचे भाकीत केले जात होते, त्यातले काही घडले नाही. शिकाऊपणाची व्यवस्था इतरत्र इतकी जुलमी ठरली की ती मुदतीआधीच, १८३८ मध्ये, मोडीत काढावी लागली. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९३ मध्येच बजावले होते की एखादा समाज स्वातंत्र्यासाठी परिपक्व नाही, असे म्हणत राहिल्यास स्वातंत्र्य कधीच येणार नाही, कारण ती परिपक्वता स्वातंत्र्यात राहूनच येते.

माझ्या क्षेत्रातील लोक या संदर्भात ज्या माणसाचे नाव आदराने घेतात तो म्हणजे अलेक्झांडर मॅकॉनकी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या नॉरफोक बेटावर पुन्हा गुन्हा केलेल्या, सुधारणेपलीकडचे मानलेल्या कैद्यांना ठेवत असत. १८४० च्या मार्चमध्ये तेथील प्रमुख म्हणून आलेल्या या माजी नौदल अधिकाऱ्याने तीन महिन्यांच्या आत, २५ मे रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त कैद्यांना दिवसभर बेटावर मोकळे सोडले, त्यांना मेजवानी दिली, आणि संध्याकाळी ते शांतपणे परतले. वसाहतीत यावर केवढा गहजब झाला! मात्र मॅकॉनकी भोळा नव्हता. त्याने शिक्षेचे मोजमाप वर्षांऐवजी गुणांत केले. काम आणि वर्तन यांवरून गुण मिळत, गैरवर्तनाने ते कापले जात, आणि पुढच्या टप्प्यात कैद्यांचे छोटे गट करून एकाच्या वागणुकीची झळ साऱ्या गटाला बसेल अशी योजना होती. मोकळीक होती, पण ती परिणामांना बांधलेली होती. १८४४ मध्ये त्याला हटवण्यात आले आणि जुनी कठोर राजवट परतली. १ जुलै १८४६ रोजी कैद्यांची स्वयंपाकाची भांडी काढून घेतल्याच्या कारणावरून उठाव झाला, त्यात चार कर्मचारी मारले गेले आणि त्यापायी बारा कैद्यांना फाशी देण्यात आले. बेट तेच होते आणि कैदीही त्याच प्रकारचे. मधल्या काळात मानवी स्वभाव बदलला, असे तर कोणी म्हणणार नाही.

येथे एक बाब अनुभवावरून सांगणे आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. दीर्घकाळ बंदिस्त राहिलेला माणूस सुटल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुष्कळदा विचित्र वागतो. तो बारीकसारीक गोष्टींसाठी परवानगी मागत राहतो, कोणीच काही सांगत नाही म्हणून बेचैन होतो, हातात आलेला पैसा एकाच दिवशी उडवतो, किंवा पहिला जो कोणी अधिकारवाणीने बोलेल त्याच्या मागे जातो. पाहणारे म्हणतात की याला मोकळीक पचत नाही. वास्तविक आपण जे पाहत असतो तो त्याचा स्वभाव नसून कोंडण्याचा अवशेष असतो. ज्याने वर्षानुवर्षे एकही निर्णय घेतलेला नाही, त्याची निर्णयशक्ती न वापरलेल्या स्नायूसारखी झडलेली असते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने १९६१ मध्ये बंदिस्त संस्थांचा जो अभ्यास मांडला, त्यात ही झीज बारकाईने नोंदलेली आहे. सुटलेल्याच्या पहिल्या चुका पाहून त्याच्या लायकीचा निकाल देणे, ही आपल्या व्यवसायातील सर्वांत महागडी घाई आहे, असे मी नवोदितांना नेहमी सांगतो.

तरीही केवळ दार उघडून भागत नाही. अर्न्स्ट फेअर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागींना सामायिक निधीत स्वेच्छेने रक्कम टाकायची होती. स्वतः काही न टाकता निधीचा लाभ घेणाऱ्या फुकट्यांना कोणताही जाब विचारता येत नव्हता तेव्हा योगदान फेरीगणिक घसरत गेले. स्वतः थोडी पदरमोड करून इतरांना दंड करण्याची मुभा मिळताच ते चढले, आणि ती पदरमोड लोकांनी केलीही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉमच्या संशोधनातून हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये असे मांडले होते की सामायिक कुरण माणसे ओरबाडून संपवणारच. स्वित्झर्लंडमधील टर्बेल गावाने मात्र आपली सामायिक कुरणे शतकानुशतके टिकवली होती. हिवाळाभर जितकी गुरे स्वतः पोसता येतील त्याहून अधिक कोणी वरच्या कुरणात न्यायची नाहीत, हा गावाचा स्वतःचा नियम होता. अशा अनेक उदाहरणांतून ऑस्ट्रॉमला आढळले की टिकलेल्या व्यवस्थांत नियम पाळणारेच नियम ठरवतात, देखरेख त्यांचीच असते, आणि पहिल्या उल्लंघनाला शिक्षा अगदी हलकी असून ती पायरीपायरीने वाढते. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाहेरून लादलेल्या दंडाचा परिणाम नेहमी असाच होतो, असे समजू नये. हैफा शहरातील पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू करण्यात आला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली, आणि दंड रद्द केल्यावरही ती पूर्वपदावर आली नाही. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटे. दंड आल्यावर उशीर ही विकत घेण्याची सेवा झाली. ज्या सद्वर्तनावर आपण विसंबत असतो, तेच नियंत्रणाने झिजू शकते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

गैरवापर झाला तर काय, या आपल्या शंकेला मी बगल देणार नाही. फ्रान्को बसाग्लिया या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १९६१ पासून गोरिझियाच्या मनोरुग्णालयात रुग्णांना बांधून ठेवणे बंद केले आणि दारे उघडली. १९६८ मध्ये तेथील एका रुग्णाने दिवसभराच्या सुटीवर घरी गेला असताना पत्नीचा खून केला. बसाग्लियावर खटला भरला गेला, त्यात तो निर्दोष सुटला, पुढे त्रिएस्ते येथे त्याने तेच काम चालू ठेवले आणि १९७८ मध्ये इटलीने मनोरुग्णालये बंद करण्याचा कायदा केला. ज्या भागांत पर्यायी सेवा उभ्या राहिल्या नाहीत, तेथे सारा भार कुटुंबांवर पडला, ही त्या कायद्यावरील टीकाही रास्त आहे. त्या स्त्रीचा मृत्यू ही कोणत्याही सिद्धान्ताने पुसता येणारी गोष्ट नव्हे. म्हणूनच जेथे हानी भरून न येणारी असेल, समोरची व्यक्ती लहान किंवा असहाय असेल, तेथे मी विश्वासाचे प्रयोग करत नाही. कोणावर तरी सत्ता गाजवण्याच्या मोकळिकीला तर मी स्वातंत्र्यात धरतच नाही.

बाकी ठिकाणी माझी पद्धत साधी आहे. ज्या निर्णयाचे परिणाम खरे असतात पण सावरता येतात, असे निर्णय प्रथम सोपवावेत. लुटुपुटूच्या निवडी कोणालाच काही शिकवत नाहीत. देखरेख असेल तर ती उघड असावी, कारण चोरून ठेवलेली नजर उघडकीस आली की मागचा सारा विश्वास एका क्षणात जातो. उल्लंघन झाले तर ज्या बाबतीत झाले तेवढीच मुभा, ठरावीक मुदतीपुरती, मागे घ्यावी आणि एकाच्या चुकीसाठी सर्वांची दारे बंद करू नयेत. माझ्या पाहण्यात संस्थांतील मोकळीक संपली ती बहुतेक वेळा रहिवाशांच्या गैरवर्तनामुळे संपली नाही. अधिकारी बदलला, नव्याला ती गैरसोयीची वाटली आणि एका तोंडी आदेशाने ती गेली. यासाठी, दिलेली मुभा लेखी असावी, ती काढून घेणाऱ्याने कारण लेखी द्यावे, आणि ते कारण तपासण्याचा अधिकार त्या संस्थेबाहेरच्या कोणाकडे तरी असावा, हा आग्रह मी आजही प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्याच बैठकीत धरतो.